घारापुरीची शेवटची लाँच

माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्याचे पर्यटन धोरण आखणारे सर्व अधिकारी यांस,



गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सकाळी नऊच्या सुमाराला पहिली लाँच सुटते आणि तासाभरात घारापुरीला लागते. दुपार कलली की जाणाऱ्या लाँच थांबतात. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास शेवटची परतीची लाँच निघते आणि तिच्यातून बेटावरचा अखेरचा पाहुणा मुंबईला येतो. मुक्कामाची सोय तिथे नाही. गुंफा सोमवारी बंद. म्हणजे 1987 पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे ठिकाण पाहायला येणाऱ्याच्या हाती, धक्क्यापासूनची चाल, सुमारे 120 पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंची दुकाने, जेवण आणि लाँचची रांग वजा जाता, प्रत्यक्ष पाहायला सहसा दोनेक तासच उरतात. तेही भर दुपारचे. माझी तक्रार या वेळापत्रकाबद्दल आहे. लाँचवाले, दुकानदार किंवा गुंफांचे पहारेकरी यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. ते त्यांना दिलेल्या चौकटीत काम करतात. ती चौकट आखणे आपल्या हाती आहे, म्हणून पत्र आपल्याला.

माझे म्हणणे थोडक्यात असे: घारापुरीला मोजक्या पाहुण्यांना, गावकऱ्यांच्या घरात, रात्री राहू द्यावे. ही मागणी ऐकल्याबरोबर वारसाप्रेमी मंडळी दचकतात. मुक्काम म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर रिसॉर्ट, जलतरण तलाव आणि ध्वनिक्षेपक येतात. त्यांची भीती खोटी नाही, तिच्याकडे मी पुढे येतोच. पण आज जे चालले आहे तेच बेटाला आणि गुंफांना जास्त महाग पडते आहे, हे आधी नीट मांडले पाहिजे.

मुख्य गुंफेपासूनच सुरुवात करू. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेली ही गुंफा तीन बाजूंनी उघडी आहे, उत्तर, पूर्व आणि पश्चिम. आज सगळी गर्दी उत्तरेकडून आत शिरते आणि समोर दक्षिणेच्या भिंतीतल्या सदाशिवाच्या मूर्तीकडे सरळ चालत जाते. सुमारे साडेपाच-सहा मीटर उंचीच्या त्या तीन मुखांपुढे छायाचित्र निघते आणि लोक मागे फिरतात. पण गुंफेला दुसराही एक अक्ष आहे, पूर्व-पश्चिम. चार दारांचे आणि प्रत्येक दाराशी द्वारपाल असलेले लिंगाचे गर्भगृह पश्चिमेच्या अंगाला आहे, आणि पूर्वेच्या चौकातून येणाऱ्या उपासकाला ते समोर दिसते. मूळची मुख्य वाट पूर्वेची असावी, असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. सदाशिवाचे उग्र अघोर मुख पूर्वेच्या बाजूला आहे आणि सौम्य वामदेव मुख पश्चिमेच्या. सकाळी उजेड पूर्वेच्या चौकातून तिरपा येतो, उतरत्या दिवशी पश्चिमेकडून. दगडातल्या या मुखांचे भाव त्या उजेडाबरोबर बदलतात. शिल्पकाराने गुंफेच्या तोंडांचा आणि प्रकाशाचा विचार केला नसेल, असे मानणे कठीण आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मात्र गर्दी सर्वांत दाट आणि उजेड सर्वांत निर्जीव असतो. आपण पाहुण्याला नेमक्या त्याच वेळी तिथे नेऊन उभा करतो. तो घरी जाऊन "मूर्ती मोठी आहे" एवढेच सांगतो, तेव्हा दोष त्याच्या रसिकतेचा नसतो.

गर्दी एकाच वेळी एकाच जागी जमण्याचा दुसरा परिणाम दगडावर होतो. एका वेळी शेकडो माणसे एकाच खोदीव दालनात असली की आवाज, दमटपणा, धूळ आणि खांबांना लागणारे हात यांवर पहारेकऱ्याला लक्ष ठेवता येत नाही. हीच माणसे दिवसभर विभागून आली तर तेवढेच पहारेकरी पुरतात. म्हणून पाहुण्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या येण्याची वेळ हा मोठा प्रश्न आहे, आणि ती वेळ शेवटच्या लाँचने ठरवून टाकली आहे.

गुंफेबाहेरचे बेट तर या वेळापत्रकात बसतच नाही. भरती-ओहोटीप्रमाणे दहा ते सोळा चौरस किलोमीटर पसरणाऱ्या या बेटावर दोन डोंगर आहेत आणि मध्ये दरी. पश्चिमेच्या डोंगरात पाच शैव गुंफा. पूर्वेच्या डोंगराला स्तूपाचा डोंगरच म्हणतात, कारण तिथे इसवी सनापूर्वीच्या काळातला मानला जाणारा विटांचा स्तूप आहे, बौद्ध लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत. शैव गुंफांच्या वर डोंगरमाथ्यावर दोन जुन्या अवजड तोफा पडून आहेत. बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत, म्हणजे हे एकेकाळी समुद्रपार व्यापाराचे बंदर होते. कलचुरी राजा कृष्णराजाची हलक्या किमतीची नाणी इथे मोठ्या संख्येने सापडली. गुंफा खोदणाऱ्या कारागिरांची मजुरी त्या नाण्यांत दिली जात असावी, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. 1534 च्या तहाने बेट पोर्तुगीजांकडे गेले आणि राजबंदरजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी त्याला एलिफंटा म्हटले. गुंफेतला शिलालेख त्यांनी पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. गुंफा कोणी खोदवली यावर आजही एकमत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. तो हत्तीही आता बेटावर नाही. 1864 मध्ये तो हलवताना फुटला, तुकडे मुंबईत आणले गेले, पुढे 1914 मध्ये ते जोडले गेले, आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. ज्याच्यावरून जगाने बेटाचे नाव ठेवले त्याला पाहायला भायखळ्याला जावे लागते, ही गंमत लाँचमधल्या किती जणांना कोणी सांगते?

एवढा दोन हजार वर्षांचा ऐवज एका छोट्या बेटावर असताना पाहुणा एक गुंफा आणि दुकानांची एक रांग पाहून परततो. स्तूपाच्या डोंगरावर जायचे तर परतीच्या लाँचची धाकधूक. राजबंदर आणि मोराबंदर ही गावे तर त्याच्या नकाशावरच नाहीत; त्याला दिसते ते शेतबंदर, तेही धक्क्यावरून.

आता या तीन गावांकडे वळतो, कारण माझ्या मागणीचा खरा आधार तीच आहेत. जेमतेम बाराशे वस्ती, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातली ग्रामपंचायत, मासेमारी, थोडी भातशेती आणि बाकी सगळी भिस्त पर्यटकावर. पर्यटक जो पैसा खर्चतो त्याची वाटणी पाहा. लाँचचे भाडे लाँचमालकाकडे जाते. गुंफेचे तिकीट, भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी माणसाला 600, पुरातत्त्व खात्यामार्फत केंद्राच्या तिजोरीत जाते. ग्रामपंचायतीच्या वाट्याला नाममात्र प्रवेशकर. गावकऱ्याला उरते ते पायऱ्यांवरचे दुकान, डोली आणि खाद्यपदार्थ. दोन तासांत जे विकले जाईल ते विकण्याची ही धडपड आहे, म्हणूनच ती इतकी आर्जवी आणि कधी कधी त्रासदायक होते. पायऱ्यांवरच्या दुकानांबद्दल कुरकुर करणाऱ्या प्रवाशांनी आणि अधिकाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. ज्याच्या हाती दोनच तास आहेत तो आवाज चढवणारच.

या गावांना वीज फेब्रुवारी 2018 मध्ये मिळाली. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून, सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्चून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालत असे. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना सत्तर वर्षे अंधारात काढलेल्या गावात वीज पोहोचवली, याचे श्रेय शासनाला द्यायलाच हवे. पण ज्या कारणासाठी पूर्वी रात्रीचा मुक्काम अशक्य म्हटला जाई त्यातले सर्वांत मोठे कारण त्या दिवशी संपले. मुक्कामाचा नियम मात्र जनरेटरच्या काळातलाच राहिला.

आता या मागणीवरच्या आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप कायद्याचा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि पुढच्या 200 मीटरवर निर्बंध, ही 2010 ची तरतूद आहे. शिवाय किनारपट्टीचे नियम. मी त्या तरतुदींत एका शब्दाचाही बदल मागत नाही. नवे बांधकाम नकोच. राहत्या घरातली एक-दोन खोल्यांची सोय, एवढेच. आपल्याच पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना कोकणात वर्षानुवर्षे चालू आहे. तारकर्लीला, मुरूडला, दिवेआगरला लोक कुणाच्या तरी घरी उतरतात, घरचे जेवतात, सकाळी घरातलाच कोणी त्यांना किल्ला किंवा देऊळ दाखवतो. जे मालवणच्या किनाऱ्यावर चालते ते मोराबंदरला का चालू नये?

आणि हे जगात कोणी केलेले नाही असेही नाही. सेनेगलची राजधानी डकारसमोर गोरे नावाचे बेट आहे, अवघे 28 हेक्टरांचे, गुलामांच्या व्यापाराच्या आठवणींचे. 1978 च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत ते आले. डकारहून बोटीने वीस मिनिटे. तिथे लोक राहतात आणि जुन्या घरांत छोट्या पाहुणखोल्याही आहेत. मोझांबिकचे त्याच नावाचे बेट, तीनेक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद, 1991 पासून यादीत आहे. तिथेही जुन्या दगडी घरांत पाहुणे उतरतात. दोन्ही देश आपल्याहून गरीब आहेत. उलट बाजूने व्हेनिस पाहा. तिथल्या नगरपालिकेने 25 एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्याकडून 5 युरो घ्यायला सुरुवात केली. शहरात रात्र काढणाऱ्याला मात्र ती फी माफ, कारण तो आपला मुक्कामाचा कर वेगळा भरतोच. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा माणूस शहराला सर्वांत महाग पडतो, हा हिशेब व्हेनिसने उघडपणे मांडला. मुक्कामाच्या घरांनी व्हेनिसमधले मूळ रहिवासी हुसकावले, हेही तितकेच खरे, आणि तो धडा मी सोयीस्करपणे विसरत नाही. पण घारापुरीला आपण आज फक्त दिवसापुरता पाहुणाच पाठवतो, म्हणजे सर्वांत महागडाच.

दुसरा आक्षेप पाण्याचा आणि कचऱ्याचा. हा मला सर्वांत वजनदार वाटतो. बेटावर गोड्या पाण्याची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यात ती जाणवते. म्हणून खोल्यांची संख्या मागणीवर ठरवू नये, पाण्यावर ठरवावी. किती माणसांना पुरेल एवढे पाणी मे महिन्यात उरते, हे ग्रामपंचायतीने आणि पाणीपुरवठा विभागाने मोजावे, आणि तेवढ्याच खाटा मंजूर कराव्यात. आकडा वीस आला तर वीस, शून्य आला तर मी ही मागणी मागे घेईन आणि आधी पाण्याची सोय मागेन. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच अनियमित होतात, तेव्हा मुक्काम बंदच ठेवावा. कचऱ्याबाबत मात्र मला वाटते की रात्री राहणारा पाहुणा दिवसाच्या पाहुण्यापेक्षा सुधारता येण्याजोगा असतो. त्याचे नाव, पत्ता, यजमान सगळे माहीत असते. पायऱ्यांवर बाटली टाकून लाँच पकडणाऱ्याचे काय माहीत असते?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्यात दोन गोष्टी मिसळतात. एक समुद्राची. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा उल्लेख हलकेपणाने करता येत नाही. पण ती दिवसाउजेडी, दुपारी चारच्या सुमाराला झाली. तिच्यातून निघणारे धडे जलमार्गाची आखणी, लाइफ जॅकेट आणि प्रवाशांची मोजणी यांविषयीचे आहेत. रात्री बोट चालवा, असे मी म्हणत नाही. मुक्काम असेल तर उलट रात्रीची बोट लागतच नाही. पाहुणा दुपारी येईल आणि दुसऱ्या दिवशी जाईल. दुसरी गोष्ट परिसराची. एका बाजूला जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, समोर जवाहरलाल नेहरू बंदर, पलीकडे तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, आणि सगळीकडे नौदल. ही काळजी खरी आहे. पण कुलाब्याच्या हॉटेलात उतरणाऱ्याचीही नोंद होते आणि पोलिसांना ती मिळते. तीच पद्धत तीन गावांत लागू करणे ज्यांना अवघड वाटते त्यांनी एवढे आठवावे की एलिफंटा महोत्सव बेटावर भरला तेव्हा शासनानेच अंधार पडल्यावर रसिकांना तिथे थांबवले होते.

चौथी भीती माझी स्वतःची आहे. आज वीस खोल्या मंजूर करा, उद्या कोणी मुंबईकर उद्योजक गावकऱ्याच्या नावावर भाडेपट्टा करेल, परवा काचेची भिंत आणि छतावर बार उभा राहील. कोकणच्या किनाऱ्यावर जमिनींचे काय झाले हे सर्वांना दिसते आहे. म्हणून परवाना फक्त बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या नावे द्यावा, तो हस्तांतरित होऊ नये, एका घराला दोनपेक्षा जास्त खोल्या नसाव्यात, आणि नियम मोडला तर परवाना रद्द करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा. मंत्रालयाकडे नको. माफ करा, पण बाहेरच्या बड्या धेंडाला मंत्रालयाचा जिना ग्रामसभेच्या ओट्यापेक्षा सोपा जातो, हे आपणही नाकारणार नाही. आणि ग्रामसभेने "आम्हाला पाहुणे नकोत" असा ठराव केला, तर विषय तिथेच संपवावा.

मुक्काम दिला आणि गुंफा साडेनऊलाच उघडल्या तर निम्मा हेतू फुकट जाईल. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाशी बोलणेही आपल्यालाच करावे लागेल. ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. 2019 मध्ये याच खात्याने देशातल्या दहा स्मारकांची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवली, आणि त्यात आपल्या गडचिरोलीतली मार्कंडा मंदिरेही होती. मार्कंड्याला जमते ते घारापुरीला का जमू नये, याचे कारण कोणी दिलेले माझ्या वाचनात नाही. सकाळी सात ते साडेनऊ हा वेळ केवळ बेटावर मुक्कामी असलेल्यांसाठी, गावातल्याच प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर, मोजक्या लोकांच्या गटात खुला करावा. स्तूपाच्या डोंगराची वाट चालण्याजोगी करावी आणि तिथे मराठीत चार नीट वाक्यांचे फलक लावावेत. आज मुख्य गुंफेला जेवढे महत्त्व आहे त्याचा दहावा हिस्सा तरी त्या स्तूपाला मिळावा. राजबंदरला, जिथून हत्ती गेला तिथे, तो कुठे गेला हे सांगणारी एक पाटी लावायला तर फारसा खर्चही नाही.

यातले काहीही एकदम करा असे मी म्हणत नाही. येत्या ऑक्टोबर ते मे या एका हंगामासाठी, ग्रामसभेच्या संमतीने, पाण्याच्या मोजणीनंतर, एका गावात प्रयोग करून पाहावा. मोराबंदर स्तूपाच्या डोंगराजवळ आहे आणि धक्क्याच्या गजबजाटापासून दूर, म्हणून ते मला योग्य वाटते. ग्रामस्थांना दुसरे वाटले तर ते. हंगाम संपल्यावर किती पाणी लागले, किती कचरा निघाला, किती पैसा गावात राहिला, गुंफेत काही बिघडले का, हे आकडे जाहीर करावेत. आकडे वाईट आले तर प्रयोग बंद करायला कुणाची परवानगी लागणार नाही.

या पत्राला उत्तर देताना "मागणी विचाराधीन आहे" हे वाक्य कृपया वापरू नये. घारापुरीच्या ग्रामसभेला आपले कार्यालय कोणत्या तारखेला भेट देणार, एवढे कळवावे.



आपला,
महाराष्ट्राचा एक करदाता आणि इतिहासाचा वाचक